काचेच्या दोन बाजू : मत्स्यालयांचा इतिहास आणि मासा नसलेले तळे



सुलतानपुरात मत्स्यालय या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा एक-दोघांनी आम्हाला विचारलंच, ‘सर, इथं समुद्र कुठं आहे?’ प्रश्न रास्त आहे. समुद्र इथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. आपल्याकडचा मासा म्हणजे पैनगंगेचा, धरणाचा नाहीतर गावतळ्याचा. मरळ, वाम, कतला, झिंगे. तो पाहायचा म्हणजे बाजाराच्या दिवशी टोपलीत पाहायचा. जिवंत मासा काचेआड ठेवून तिकीट लावून पाहायचा, ही शहरातली चैन.

पण आम्ही विषय बदलला नाही, त्याला एक कारण आहे. इथून दहा-बारा किलोमीटरवर लोणारचे सरोवर आहे. लोकांच्या तोंडी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख काय, तर खारं पाणी आणि मासा नसलेलं तळं. आणि हेच लोणार एका वेगळ्या वाटेने मत्स्यालयाच्या इतिहासात येऊन बसते. ती वाट काचेची आहे. ती कशी, ते पुढे सांगतो. आधी मूळ प्रश्न मांडू या. माणसाला मासा पाहावासा का वाटला, त्यासाठी त्याने काय काय केले, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

सुरुवात काचेच्या आधीपासून करू. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे ॲरिस्टॉटलला टाळून पुढे जाता येत नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात हा माणूस लेस्बॉस बेटावर खाजणाच्या काठी बसून मासे, शिंपले, माकूल पाहत होता, कोळ्यांना प्रश्न विचारत होता. ग्रीसमधल्या एका नदीतल्या माशाबद्दल त्याने लिहून ठेवले की मादी अंडी घालून निघून जाते आणि नर त्यांची राखण करतो. पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे विद्वानांना ही भाकडकथा वाटत होती. एकोणिसाव्या शतकात लुई अगासी या शास्त्रज्ञाने ते खरे असल्याचे दाखवून दिले आणि त्या माशाच्या शास्त्रीय नावात ॲरिस्टॉटलचे नाव आले. म्हणजे काच नव्हती, टाकी नव्हती. धीर होता, आणि कोळ्याचं ऐकून घेण्याची तयारी होती.

आपल्याकडेही पाहा. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना मारू नये त्यांची यादी दिली आहे. तीत हाडे नसलेल्या माशाचा उल्लेख येतो, आणि ठरावीक तिथींना मासे पकडायचे नाहीत, विकायचे नाहीत, असेही सांगितले आहे. त्यानंतर बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ आला. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, त्याला काय खायला घालावे, गळाने कसा धरावा, हे सगळे राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून लिहिलेले. ‘विनोद’ या शब्दाचा तिथला अर्थ करमणूक, बरं का. म्हणजे मासा पाहणे, त्याला खाऊ घालणे आणि मग त्याला धरणे ही दख्खनमधली राजेशाही करमणूक होती.

आणि राजाखेरीज सामान्य माणसांचंही मत्स्यालय होतं. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे आहे. दोन्हीकडे नदीच्या डोहात मोठाले महसीर मासे आहेत आणि ते देवाचे मासे मानले जातात. कोणी मारत नाही. येणारा माणूस खाऊ टाकतो, मासे वर येतात, पोरं हरखतात. हे आम्ही मत्स्यालयच मानतो. फक्त त्याला भिंत नाही. माशाला वाटलं तर तो वर येतो, नाहीतर येत नाही. निर्णय माशाचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी तिच्याकडेच परत यायचं आहे.

आता काचेकडे येऊ. काच बनते वाळूपासून. पण नुसती वाळू वितळवायला प्रचंड उष्णता लागते. तिच्यात सोड्यासारखा क्षार घातला की ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. म्हणून जुन्या काळी ज्याच्याकडे क्षार, त्याच्याकडे काच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आइने अकबरी’ लिहिली. तीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते, आणि तिथे काच व साबण तयार करायला लागणारे पदार्थ मिळतात, असे नोंदवलेले आहे. त्या काळी उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर क्षाराचे थर राहत, आणि लोक ते गोळा करून विकत.

गंमत अशी, की लोणारला स्वतःचीही काच आहे. उल्का आदळून जे विवर झाले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, त्या आघाताने तिथला बेसाल्ट खडक ठिकठिकाणी वितळून काचेसारखा झाला. १९७०च्या दशकात हे विवर ज्वालामुखीचे नसून उल्केचे आहे, हे ठरवताना शास्त्रज्ञांनी अशाच काचरूप झालेल्या कणांचा पुरावा दिला. म्हणजे काच दोनदा दिली लोणारने, आणि मासा मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकही नव्हता.

युरोपात काय झाले, ते आता पाहू. मत्स्यालयाचा शोध कोणी लावला, याला एक नाव देणे अवघड आहे. पण पहिला मान एका बाईंना द्यावा लागेल. झान विलप्रे-पॉवर. फ्रान्समधल्या, मूळच्या शिवणकाम करणाऱ्या, पुढे सिसिलीत मेसिनाला स्थायिक झालेल्या. तिथल्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा आठ पायांचा जीव राहतो, पातळ शिंपलीत. ती शिंपली तो स्वतः तयार करतो की दुसऱ्याची बळकावतो, हा वाद फार जुना. बाईंनी १८३२च्या सुमारास काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यात हे जीव पाळले, शिंपली मुद्दाम मोडून पाहिली, आणि तो जीव ती स्वतः सांधतो, हे सिद्ध केलं. मत्स्यालयाचा जन्म असा एका प्रश्नातून झाला. तमाशा म्हणून झालेला नाही.

पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो, कुजलेली पानं गोगलगाय खाते, पाणी निवळ राहते. तोल साधला. आज आपल्याला ठाऊक आहे की त्या भांड्यात चौथाही कोणी काम करत होता. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. घरी टाकी आणून त्याच दिवशी मासे सोडले की आठवड्याभरात ते उताणे होतात ते याचमुळे. दुकानदाराने मासा आजारी दिला, असं आपण म्हणतो. बहुतेकदा आपणच घाई केलेली असते.

आणखी एक कारण होतं, ते पैशाचं. इंग्लंडमध्ये काचेवर कर होता, तो १८४५ मध्ये रद्द झाला. काच स्वस्त झाली. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात माशांची टाकी आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने लोकांसाठी पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याने ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले आणि हा शब्द रूढ केला. लॅटिनमध्ये या शब्दाचा जुना अर्थ काय होता, सांगू? गुरांना पाणी पाजायची जागा. आपला पाणवठा!

या गॉसची कथा आम्हाला फार बोलकी वाटते. गृहस्थ मोठा श्रद्धाळू आणि मोठा निरीक्षक. निसर्ग पाहणे ही त्याला उपासना वाटे. त्याने लोकांना सांगितलं, समुद्रकाठी जा, खडकांतल्या डबक्यांत काय वैभव आहे ते पाहा, घरी आणा, जोपासा. लोकांनी ऐकलं. आगगाड्या भरभरून माणसं किनाऱ्यावर गेली. हातात छिन्नी-हातोडी आणि बरण्या. थोड्या वर्षांत ती डबकी ओकीबोकी झाली. १९०७ मध्ये त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, वडिलांवर पुस्तक लिहिले. आपल्या वडिलांच्या प्रेमळ लिखाणानेच तो किनारा कसा उजाड झाला, हे दुःख त्यात आहे. ज्याने लोकांना पाहायला शिकवलं, त्याच्याच शिकवणुकीतून पाहण्यासारखं संपलं. पर्यटनाच्या इतिहासातला हा धडा आपण लोणारसाठी राखून ठेवू.

भारतात पहिलं नाव मद्रासचं. तिथलं सागरी मत्स्यालय १९०९ मध्ये सुरू झालं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडलं. आपल्या मराठी मुलखात मत्स्यालय म्हटलं की मात्र एकच नाव, तारापोरवाला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्थानकापासून जवळ. १९५१ साल. खर्च आठ लाख रुपये, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. चालवायची जबाबदारी सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे.

हे साल आणि हे खातं दोन्ही नीट पाहा. प्रजासत्ताक होऊन जेमतेम वर्ष झालेलं. अन्नाची टंचाई. अशा वेळी देशाचा राष्ट्रपती मासे दाखवायच्या इमारतीचं उद्घाटन करतो, याचा अर्थ ती केवळ करमणूक नव्हती. समुद्र ही आपली संपत्ती आहे, तीत काय आहे हे नागरिकाला कळलं पाहिजे, हा त्यातला भाव होता. तळकोकणातला गिरणी कामगार आणि वऱ्हाडातून आलेला पाहुणा, दोघंही त्याच काचेसमोर उभे राहत. मुंबई दाखवायला नेलेल्या पाहुण्याला राणीचा बाग, हँगिंग गार्डन आणि मत्स्यालय दाखवल्याशिवाय मुंबई पुरी होत नसे.

आम्हीही एकदा महाविद्यालयाच्या सहलीबरोबर तिथं गेलो होतो. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी, याच भागातला, कासवाच्या टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला. आम्ही म्हटलं, ‘चल रे, उशीर होतोय.’ तो म्हणाला, ‘सर, त्याले आपण दिसतो का?’ आम्ही तेव्हा घाईत ‘दिसत असशील’ असं काहीतरी म्हणालो. पुढे पंचवीस-तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण या प्रश्नाचं त्याहून बरं उत्तर आम्हाला चटकन देता आलं असतं, असं वाटत नाही.

२०१५ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलं. आता त्यात पारदर्शक ॲक्रिलिकचा १२ फूट लांब बोगदा होता. आपण आत उभे, मासे डोक्यावरून जाताहेत. तारामासा वगैरे निरुपद्रवी जीव हाताळून पाहायचं कुंडही होतं. नंतर करोनाची महामारी आली, दारं बंद झाली, आणि पुढे जुन्या इमारतीच्या सुरक्षिततेचाच प्रश्न उभा राहिला. सात दशकं समुद्राची खारी हवा खाल्लेली वास्तू ती. समुद्र दाखवणारी इमारत समुद्रानेच खाल्ली म्हणायची.

या बोगद्याबद्दल दोन शब्द. प्लेटोच्या ‘फेडो’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की आपण माणसं समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जिवांसारखी आहोत. तळाशी राहून वरचं पाणी म्हणजेच आकाश, असं समजणारी. बोगद्यात उभं राहिलं की ही कल्पना अक्षरशः डोळ्यांसमोर येते. पण माणसं तिथं काय करतात? पाठ फिरवतात आणि स्वतःचा फोटो काढतात! आम्ही टीका करत नाही, आमच्याही घरात असे फोटो आहेत. पण बदल टिपायला हवा. १९५१ मध्ये माणूस काचेवरची पाटी वाचत होता, माशाचं नाव पाठ करत होता. आता मासा हा फोटोतला पडदा झाला आहे.

काचेचा एक गुणधर्मही सांगून ठेवतो. सपाट काचेतून पाण्यातला मासा पाहिला की प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे तो असतो त्यापेक्षा जवळ दिसतो, साधारण पाऊण अंतरावर. म्हणजे चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर भासतो. मत्स्यालयाची सगळी जादू आणि सगळा धोका या एका फुटात आहे. तो आपल्याला जवळचा वाटतो, पण तितका जवळ तो नसतो.

मग त्याला काही वाटतं का? प्राचीन चीनमध्ये च्वांग-त्झू नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. तो पुलावरून मासे पाहत म्हणाला, ‘मासे आनंदात आहेत.’ मित्र म्हणाला, ‘तू मासा नाहीस, तुला कसं कळलं?’ तो म्हणाला, ‘आणि तू मी नाहीस, मग मला कळत नाही हे तुला कसं कळलं?’ वाद मजेदार आहे, पण आता त्यात पुराव्याची भर पडली आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन या संशोधिकेने ट्राउट माशाच्या ओठांत वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंची नोंद केली. ओठाला इजा झालेले मासे तळाच्या खड्यांवर तोंड घासत होते, खाणं टाळत होते. २०१९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी एका छोट्या माशाच्या गळ्याखाली रंगाचा ठिपका दिला आणि आरसा ठेवला. आरशात पाहून तो मासा गळा तळाशी घासू लागला. याचा अर्थ काय लावायचा, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण ‘माशाला काय कळतंय’ हे वाक्य आता पूर्वीइतकं सहज उच्चारता येत नाही.

न्यूझीलंडमधल्या एका मत्स्यालयातल्या इंकी नावाच्या ऑक्टोपसने तर २०१६ मध्ये आपलं मतच नोंदवलं. टाकीच्या झाकणाला फट राहिली होती. रात्री तो बाहेर आला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळातून समुद्रात उतरला.

आपल्या देशातही काही गोष्टी घडल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळ खेळ करण्यासाठी परदेशातून डॉल्फिन आणले गेले. काही महिन्यांतच ते मेले. पुढे मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रे उघडायला मनाई केली. त्या परिपत्रकात डॉल्फिनला मानवेतर व्यक्ती मानावं, या शास्त्रज्ञांच्या विचाराचा उल्लेख आहे. व्यक्ती कोण, हा आमच्या विषयातला अडीच हजार वर्षांचा प्रश्न. तो सरकारी कागदावर असा अवचित येऊन बसला. मुंबईत मात्र २०१६ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी, मुंबईच्या उकाड्यात थंड केलेल्या काचघरात. लोकांना दाखवण्याआधीच एक मेला. २०१७ मध्ये ते काचघर खुलं झालं आणि लोकांनी रांगा लावल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्या मृत्यूचं दुःखही आणि त्या रांगेतल्या पोरांचा आनंदही.

आता तुम्ही म्हणाल, ‘मग सर, मत्स्यालय नकोच का?’ इथे आम्ही सावध राहू इच्छितो. ज्यांनी आयुष्यात दहादा समुद्र पाहिला, त्यांनी खेड्यातल्या पोरांना सांगायचं की मासे काचेआड पाहू नका, हे सोपं आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी जिवंत प्रवाळ, घोडमासा, तारामासा पाहिलेला नसतो, आणि न पाहिलेल्या गोष्टीची काळजी कोणी करत नाही. गिरणीतल्या कामगाराला समुद्र दाखवायचा १९५१चा हेतू आजही खोटा ठरत नाही.

म्हणून आम्ही तीन कसोट्या सुचवतो. एक, दाखवलेला जीव तिथं जगू शकतो का, की फक्त मरेपर्यंत टिकतो? दोन, पाहून बाहेर पडताना पाहणाऱ्याला एक तरी नवीन गोष्ट कळली का? तीन, तिकिटाचा पैसा कुठे जातो? इटलीत नेपल्स इथं आंतोन डोर्न याने १८७२ मध्ये सागरी संशोधन केंद्र स्थापलं. तळमजल्यावर लोकांसाठी मत्स्यालय, वर प्रयोगशाळा. पर्यटकाच्या तिकिटाचा संशोधनाला आधार. आपल्याकडे रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातही संशोधनाला जोडूनच मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. तिथं देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. जिवंत देवमासा कोंडायची गरज नाही. त्या हाडांच्या कमानीखाली उभं राहिलं तरी पोराचे डोळे विस्फारतात.

आणि एक साधी सूचना गावातल्या शाळांसाठी. परदेशी रंगीत मासे आणण्यापेक्षा आपल्याच नदीतले चार छोटे मासे एका मोठ्या टाकीत ठेवा. टाकी आधी महिनाभर नुसती चालू द्या. भोई समाजातल्या एखाद्या जाणत्या काकांना वर्गात बोलवा. कोणता मासा मृगाच्या पाण्याबरोबर वर चढतो, कोणता चिखलात दम धरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? ॲरिस्टॉटलने तेच केलं होतं. वर्षअखेरीला मासे जिथून आणले, तिथंच परत सोडा.

शेवटी लोणार. हे तळं म्हणजे निसर्गाने ठेवलेली एक टाकी आहे, काच नसलेली. पाणी पिढ्यान्‌पिढ्या इतकं अल्कधर्मी की त्यात मासा टिकत नसे, पण इतरत्र सहसा न आढळणारे सूक्ष्मजीव सुखाने राहत. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा रंग आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लोक विचारतात, एवढ्या मोठ्या तळ्यात मासे का सोडत नाहीत? आम्ही सांगतो, बाबांनो, या तळ्यात मासा दिसणं ही आनंदाची बातमी नव्हे. मासा दिसला, तर समजा की बाहेरचं गोडं पाणी, सांडपाणी आत शिरून त्याचा खारेपणा उतरतोय, आणि जे इथेच जगू शकत होतं, ते निघून चाललंय. प्रत्येक ठिकाणी मासा दिसलाच पाहिजे, हा पाहणाऱ्याचा हट्ट आहे, तळ्याची गरज नाही.

तेव्हा सुट्टीत पाहुणे आले आणि लोणारला नेलंत, तर तीनच गोष्टी करा. धारेवर साबण लावू नका. काठावरचा खडा खिशात घालून आणू नका, गॉसच्या किनाऱ्याची गोष्ट आठवा. आणि दहा मिनिटं गप्प बसून पाहा. वाळण कोंडाच्या डोहाकाठी मासा वर यायची वाट पाहतात, तसं. काही दिसलं तर दिसलं, नाहीतर नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय. कासवाला आपण दिसतो का? होय, दिसत असू. कसे दिसतो, हे त्याला विचारता येत नाही. पण कसं दिसावं, हे मात्र आपल्या हातात आहे. 

इतकं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे उभी असलेली मुलं आधी विचारू देत.